तीन किनारे, चार दिवस आणि कंसातलं एक वाक्य

नमस्कार,

पुढच्या महिन्यात आम्ही पाच जण चार दिवस समुद्रावर जाणार आहोत. मी, नवरा, १५ वर्षांची लेक, ६ वर्षांचा मुलगा आणि ७२ वर्षांच्या सासूबाई. मुक्काम ठरलाय. तिथून गाडीने वीस मिनिटांत पोचता येतील असे तीन किनारे आहेत. पहिला लांबलचक, सपाट. रस्त्यावरून वाळूत जायला सौम्य उतार, जीवरक्षक, न्हाणीघरं, सगळी सोय. पण फोटोत नुसती माणसंच माणसं. दुसरा उंच कड्याखाली लपलेला, अर्धचंद्रासारखा, उतरायला नव्वदेक पायऱ्या. फोटो बघून लेक हट्टाला पेटलीय. तिसरा नदी समुद्राला मिळते तिथला. वाळूचा लांब दांडा, चिटपाखरू नाही. नवऱ्याला तोच हवा, कारण त्याला 'दोन तास कुणाचा आवाज नको'. मुलाला कुठेही चालेल, खड्डा खणता आला म्हणजे झालं. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्या म्हणतात, 'तुम्ही जा, मी खोलीत बसते.' (घरमालकीणबाईंनी न विचारताच सांगितलं की पहिल्या दिवशी सकाळी सातला पूर्ण ओहोटी आहे, आणि त्या चार दिवसांतच पौर्णिमा येते. त्याचं काय करायचं ते काही कळलं नाही.) घरात फोटो दाखवून मतदान घेतलं, तर भांडणच झालं. यातला कुठला किनारा निवडू?

– तिन्हीकडून ओढली गेलेली

*

तिन्हीकडून ओढल्या गेलेल्या बाई, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. घरमालकीणबाईंना माझा नमस्कार सांगा. तीन किनाऱ्यांचे ढीगभर फोटो बघून जे कळलं नाही, ते त्या एका वाक्यात सांगून गेल्या. तुम्ही किनारे तीन मोजलेत. मला तुमच्या पत्रात ते बाराएक दिसतात, कारण पहाटेचा, दुपारचा, भरतीचा आणि ओहोटीचा किनारा हे एकाच नावाखाली राहणारे वेगवेगळे किनारे असतात. तुमच्या घरातलं भांडण 'कुठे' यावर चाललंय. ते 'केव्हा' यावर आणलंत तर निम्मं तिथेच मिटेल.

आधी त्या कंसाचा अर्थ लावू. बहुतेक किनाऱ्यांवर पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. पूर्ण ओहोटीपासून पूर्ण भरतीपर्यंत साधारण ६ तास १२ मिनिटं लागतात. आपली पृथ्वी एक फेरी पूर्ण करेपर्यंत चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो, त्याला गाठायला तिला आणखी थोडं फिरावं लागतं. म्हणून आजची ओहोटी उद्या सरासरी ५० मिनिटं उशिरा येते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास हा उशीर थोडा कमी असतो. म्हणजे तुमच्या चार दिवसांत सकाळची ओहोटी साधारण सात, पावणेआठ, साडेआठ, सव्वानऊ अशी सरकेल. भरती दुपारी सव्वा, दोन, पावणेतीन, साडेतीनच्या सुमारास. संध्याकाळची ओहोटी साडेसातनंतर. हा माझा तोंडी हिशेब आहे. तिथल्या बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता मिळतो, नेमकी मिनिटं त्यातून घ्या.

पौर्णिमेचा अर्थ असा की तेव्हा चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात, म्हणून भरती नेहमीपेक्षा जास्त चढते आणि ओहोटी नेहमीपेक्षा जास्त उतरते. हे उधाण. अष्टमीच्या आसपास गेला असतात तर भांगाची भरती मिळाली असती, पाण्याची चढउतार बेताची. त्यातही खरं उधाण बरेचदा पौर्णिमा होऊन एखाद-दोन दिवसांनी येतं. म्हणजे तुमच्या सुट्टीत पाणी जोरात येणार आणि जोरात जाणार, हे धरूनच सगळं आखायचं. हा फरक प्रत्येक समुद्राला सारखा नसतो. भूमध्य समुद्राच्या बऱ्याचशा काठांवर भरती-ओहोटीत काही इंचांचाच फरक पडतो, तर कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात पाणी १६ मीटरपर्यंत चढतं. तेव्हा दुसऱ्या कुठल्या समुद्रावरचा तुमचा अनुभव इथे चालेल असं धरू नका.

आता तुमच्या यजमानांनी ज्याच्यावर नाक मुरडलं तो पहिला किनारा. त्यांनी पाहिलेल्या फोटोत पाणी रस्त्याच्या उताराला टेकलेलं आहे का, ते एकदा बघा. माझी पैज आहे, असणार. सपाट किनाऱ्याची गंमत अशी की उतार जर पन्नास मीटरला एक मीटर असेल आणि पाणी तीन मीटर खाली गेलं, तर दीडशे मीटर रुंदीची वाळू उघडी पडते. तीच हजार माणसं भरतीला एकमेकांच्या चटईवर बसलेली दिसतात आणि ओहोटीला ठिपक्यांसारखी विखुरतात. तुमच्या चारही दिवसांत संध्याकाळी पाणी उतरत जाणार आहे. साडेसहाला गेलात तर तो 'गर्दीचा' किनारा तुम्हाला ओळखूही येणार नाही. आणि सकाळी सातला तिथे असाल तर यजमानांना हवी ती शांतता आयतीच मिळेल. सुट्टीवर आलेली माणसं सात वाजता अंथरुणात असतात. शांतता हवी तर लांबच्या किनाऱ्यापेक्षा लवकरचा गजर उपयोगी पडतो, हे त्यांना तुम्ही सांगू नका, मी सांगते आहे म्हणा.

सासूबाईंकडे वळते. 'तुम्ही जा, मी खोलीत बसते' हे वाक्य मी गेली दोन वर्षं स्वतः वापरते आहे, म्हणून त्याचा अर्थ मला नीट ठाऊक आहे. त्याचा अर्थ 'मला यायचं नाही' असा नसतो. 'मी आले की तुमचा वेग कमी होईल, आणि तो माझ्यामुळे कमी झाला हे मला दिवसभर तुमच्या तोंडावर वाचायचं नाही' असा असतो. त्यावर 'या हो आई, मजा येईल' म्हणून उपयोग नाही. गुडघ्यांना काय जमेल ते बघून मग विचारायचं.

गुडघ्यांचा वैरी कोरडी, भुसभुशीत वाळू. तिच्यावर चालायला पक्क्या जमिनीच्या दुपटीहून अधिक शक्ती लागते, कारण प्रत्येक पावलाला वाळू सरकते आणि पायाने लावलेला जोर वाळूतच जिरतो. ओहोटीने नुकती सोडलेली ओली, बारीक वाळू मात्र फरशीसारखी घट्ट असते. म्हणून सासूबाईंचा किनारा पहिला आणि त्यांची वेळ ओहोटीच्या अलीकडची-पलीकडची. अडचण फक्त मधल्या पट्ट्याची, रस्त्याचा उतार संपतो तिथपासून ओली वाळू सुरू होते तिथपर्यंतची. तो किती रुंद आहे ते घरमालकीणबाईंना विचारा. काही किनाऱ्यांवर लाकडी फळ्यांची वाट किंवा जाड चटई अंथरलेली असते, काही ठिकाणी रुंद चाकांची खुर्ची मिळते. यातलं काहीच नसेल तर एका बाजूला तुम्ही, एका बाजूला लेक, आणि घाई अजिबात नाही. पाठ टेकता येईल आणि हातांवर जोर देऊन उठता येईल अशी खुर्ची न्या. खाली चटईवर बसवलंत तर उठताना जे होतं त्यानेच त्या दुसऱ्या दिवशी 'तुम्ही जा' म्हणतील.

आता लेक, आणि इथे मी जरा वेळ घेणार आहे.

तिने निवडलेला कड्याखालचा किनारा वाईट नाही. तो फोटोतला आहे, एवढंच. फोटो ओहोटीला, कोवळ्या उन्हात, माणसं नसताना काढतात. थायलंडमधली माया बे ही खाडी सिनेमामुळे जगभर गाजली, तिथे दिवसाला हजारो माणसं उतरू लागली, प्रवाळ मोडलं, आणि २०१८ मध्ये सरकारला ती बंद करावी लागली. ती पुन्हा उघडली २०२२ च्या जानेवारीत, तीही बऱ्याच बंधनांसह. फोटो बघून किनारा निवडणारे सगळे एकाच फोटोवरून निवडतात, ही त्यातली गोम.

कड्याखालच्या छोट्या किनाऱ्याचं खरं दुखणं वेगळं आहे. मागे भिंत, दोन्ही बाजूंना खडकांची टोकं, वर जायला एकच वाट. भरतीला वाळू कमी होत होत कधीकधी उरतच नाही. आणि पाणी एका वेगाने चढत नाही. सहा तासांतल्या पहिल्या तासात एकूण चढीचा बारावा भाग चढतो, दुसऱ्यात दोन, मग तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पुढे दोन आणि एक. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. पहिला तास माणूस निर्धास्त होतो, 'अजून कुठे आलंय' म्हणतो, आणि तिसऱ्या तासाला चप्पल तरंगताना दिसते. मी स्वतः अशाच एका जागी खडकाच्या टोकाला वळसा घालून पलीकडे शंख वेचायला गेले होते. परत फिरले तेव्हा त्या वळशाला कमरेएवढं पाणी होतं. पुढे काही झालं नाही. खडकांना धरधरून, साडी भिजवून, मुलांच्या हसण्याचा विषय होऊन मी परत आले. पण त्या दिवसापासून मनगटावरच्या घड्याळाशिवाय मी समुद्राजवळ गेलेले नाही.

तेव्हा कड्याखाली जरूर जा, एकदाच जा, आणि तिसऱ्या दिवशी जा. त्या दिवशी ओहोटी साडेआठची. साडेसहाला पायऱ्या उतरा, पाणी अजून उतरत असेल. साडेनऊला शेवटचा माणूस पायऱ्यांवर हवा. खडकांच्या टोकांना वळसा घालून पलीकडे कुणी जायचं नाही. कड्याला टेकून बसायचं नाही, सावली कितीही गोड असली तरी, कारण कडे ढासळतात आणि सांगून ढासळत नाहीत. आणि तिथे पोहायचं नाही. जीवरक्षक नाही, वाट एक, मोबाइलला रेंज असेलच असं नाही. लेक रुसेल. तिला सांगा की तिच्या पोहण्याची सोय दुसरीकडे केली आहे, आणि इथे तिने तिचे फोटो काढावेत. नव्वद पायऱ्या चढायच्या आहेत, त्यामुळे त्या दिवशी सासूबाई खोलीत बसल्या तर ते त्यांचं खरंखुरं ठरवणं असेल. तुम्ही दहाच्या आत परत असाल.

पोहण्याची सोय पहिल्या किनाऱ्यावर. तलावात पोहायला शिकलेल्या मुलांना समुद्राचं एक गणित कुणी सांगत नाही. लाटा किनाऱ्याकडे पाणी ढकलत राहतात, आणि ते कुठूनतरी परत जायलाच हवं. पाण्याखालच्या वाळूच्या उंचवट्यात जिथे खाच असते तिथून ते एकवटून निघतं. या परतीच्या ओढीचा वेग एरवी बेताचा असतो, पण कधीकधी सेकंदाला दोन मीटरच्या वर जातो. एवढ्या वेगाला ऑलिंपिकचा पोहणाराही हरतो. फसवी गोष्ट अशी की ही जागा वरून शांत दिसते. दोन्ही बाजूंना पांढऱ्याशुभ्र लाटा फुटत असतात आणि मधे एक काळसर, गुळगुळीत पट्टा. नवखा माणूस बरोबर तोच पट्टा निवडतो, कारण तिथे लाटा नाहीत. लेकीला पहिल्या दिवशी पाण्यात जाऊ देण्याआधी काठावर पंधरा-वीस मिनिटं उभी करा आणि तो पट्टा तिला शोधू द्या. रस्त्यावरून, जरा उंचावरून जास्त चांगला दिसतो. मी सांगितलेलं ती विसरेल, स्वतः शोधलेलं विसरणार नाही.

सापडलीच त्यात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजायचं नाही. ही ओढ माणसाला खाली बुडवत नाही, आत नेते. घाबरून उलट पोहण्यात दमछाक होते आणि जीव त्या दमछाकीने जातो. उताणं तरंगायचं, हात वर करून हाक मारायची, जमेल तर किनाऱ्याला समांतर पोहत पांढऱ्या लाटांच्या दिशेला सरकायचं आणि मग त्या लाटांबरोबर बाहेर यायचं. आणि काठावरच्या आईने मागोमाग उडी मारायची नाही. तरंगणारं काहीतरी फेकायचं आणि जीवरक्षकाला बोलवायचं. वाचायला सोपं आहे, मला ठाऊक आहे. म्हणूनच घरी, कोरड्या जमिनीवर एकदा बोलून ठेवा.

वेळ कुठली? ही ओढ पाणी उतरताना आणि ओहोटीच्या आसपास बळावते. चढत्या पाण्यात तुलनेने बरी असते. तुमचं नशीब असं की पहिल्या दोन दिवशी सकाळी नऊ ते साडेदहा पाणी चढत असेल, ऊन अजून बेतात असेल, आणि शाळेत शिकलेले ते खारे वारे अजून जोर धरायचे असतील. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा येतो, म्हणून दुपारनंतर पाणी खवळलेलं वाटतं. नऊ ते साडेदहा हा लेकीचा वेळ. त्या वेळी जीवरक्षक कामावर असतात का ते आधी विचारा. नसतील तर ते येतील तेव्हा पोहायचं.

बावट्यांचं मुलांना पाठ करून द्या. वर लाल, खाली पिवळा अशा दोन बावट्यांच्या मधली जागा पोहण्याची, तिथे जीवरक्षकाचं लक्ष असतं. नुसता लाल म्हणजे पाणी धोक्याचं. दोन लाल म्हणजे पाण्यात पाऊलही नाही. जांभळा दिसला तर पाण्यात जेलीफिशसारखं काहीतरी चावरं आहे. काळे-पांढरे चौकोन असतील तर ती जागा लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्यांची. काही देशांत थोडे फरक असतात, म्हणून पोचल्या पोचल्या फलक वाचा. एखाद्या किनाऱ्याला 'ब्लू फ्लॅग' मिळालेला असेल तर ती वेगळी गोष्ट. तो पाण्याची स्वच्छता, सोयी, सुरक्षितता अशा ३३ कसोट्यांवर मिळणारा शिक्का आहे. १९८५ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झाला आणि आता जगभर दिला जातो. तो असला तर चांगलंच. पण आज या क्षणी पाणी कसं आहे, ते तो सांगत नाही.

हवा भरलेली हंस-बदकं, गाद्या वगैरे घरीच ठेवा. जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहत असेल तर पाणी कसं गुळगुळीत, सुरेख दिसतं, आणि तीच गादी मुलाला घेऊन केव्हा आत गेली ते कळतही नाही.

मुलाचा खड्डा. हसू नका, पण किनाऱ्यावरच्या ज्या गोष्टीबद्दल कुणी सावध करत नाही ती हीच. ओल्या वाळूत खोल खणलेल्या खड्ड्याच्या भिंती कोरड्या होता होता अचानक कोसळतात, आणि आत वाकलेलं मूल त्याखाली दबतं. वाळू जड असते, बाहेर काढायला फार वेळ नसतो. नियम सोपा: त्याच्या गुडघ्याहून खोल खणायचं नाही, भुयार करायचं नाही, आणि निघताना खड्डा बुजवायचा. बुजवायचं काम आजीच्या देखरेखीखाली. खुर्चीत बसून हुकूम सोडायला कुणालाही आवडतं. त्याच्यासाठीही ओहोटीची सकाळच बरी. सपाट किनाऱ्यावर पाणी उतरताना घोट्याएवढी डबकी मागे राहतात, त्यात तो दोन तास रमेल. फक्त 'घोट्याएवढंच तर आहे' म्हणून नजर हलवू नका. त्याच्यापासून हाताच्या अंतरावर एक मोठं माणूस, आणि त्या माणसाच्या हातात फोन नाही.

राहिला यजमानांचा नदीमुखाचा दांडा. तो जाऊन बघण्यासारखा असतो, पक्षी बसतात, उजेड सुंदर पडतो. पण त्या पाण्यात कुणीही उतरायचं नाही, पट्टीचा पोहणारा असला तरी. ओहोटीला नदीचं पाणी आणि खाडीत भरलेलं समुद्राचं पाणी एकाच अरुंद तोंडातून बाहेर धावतं. तळाची वाळू पुरासरशी, लाटांसरशी जागा बदलते, म्हणून गेल्या वर्षी गुडघाभर होतं तिथे यंदा डोह असू शकतो. काही दांडे भरतीला मधेच तुटतात आणि टोकाशी गेलेला माणूस बेटावर अडकतो. वरच्या अंगाला मोठा पाऊस झाला असेल तर दोन-तीन दिवस ते पाणी अंगालाही लावू नये, गावोगावचं सांडपाणी त्यातून येतं. त्यांना एकटं जायचं असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटे जाऊ द्या, पावणेआठच्या ओहोटीला पाणी सगळ्यात खाली असेल. निघायची वेळ आधी ठरवा आणि ती तुम्हाला माहीत असू द्या. 'दोन तास कुणाचा आवाज नको' ही मागणी मला अवास्तव वाटत नाही. फक्त तशीच मागणी तुमचीही असायला हरकत नव्हती. पत्रात पाचांपैकी चौघांना काय हवंय ते आहे. तुम्हाला काय हवंय ते मी दोनदा शोधलं, सापडलं नाही. चौथ्या दिवसाची सकाळ मी म्हणूनच मोकळी सोडते आहे. ती तुमची. ज्या किनाऱ्यावर जावंसं वाटेल तिथे जा, किंवा जाऊच नका.

दुपारी कुठल्याच किनाऱ्यावर जाऊ नका. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन भाजण्याच्या जातीचं झालं, असं समजावं. वाळू खालूनही ऊन परतवते, त्यामुळे छत्रीखाली बसलेला माणूसही रापतो. ढग आले म्हणून सुटका नाही, पातळ ढगांतून ती किरणं बऱ्यापैकी खाली येतात. दुपारी झोपा, पत्ते खेळा, भांडा हवं तर. चार दिवस एकही भांडण नको म्हणणं जरा जास्तच होतं.

अजून महिना हाताशी आहे, तर दोन कामं करून ठेवा. एक, तिन्ही किनारे उपग्रहाच्या चित्रात बघा. लाटांच्या पांढऱ्या रेषेत जिथे खंड दिसतो तिथे पाण्याची ओढ असू शकते. कुठे ओढा किंवा गटार वाळूत उतरतं, झाडं किती जवळ आहेत, गाडी कुठे लागेल, हेही दिसतं. मात्र पाण्याखालची वाळू सरकती असते, ते चित्र वर्षभर जुनं असू शकतं, म्हणून अंदाजापुरतंच. दोन, घरमालकीणबाईंना फोन करा आणि 'कुठला बीच चांगला' असं विचारू नका, त्याला 'सगळेच चांगले' असं उत्तर येतं. विचारा, 'तुमच्या घरची मुलं कुठे पोहतात, आणि कुठे गेली तर तुम्ही ओरडता?' या एका प्रश्नावर त्या अर्धा तास बोलतील. लिहून घ्या.

आणि तो तक्ता मिळाला की मोठ्या अक्षरात छापून सासूबाईंच्या हातात द्या. चारही दिवसांचं पाणी केव्हा चढणार, केव्हा उतरणार, कुणी केव्हा निघायचं, कड्याखालून साडेनऊला परतलंच पाहिजे, हे सगळं त्यांच्याकडे. पौर्णिमा कधी ते त्यांना तुमच्याआधी ठाऊक असेल. घरात वेळेवरून सगळ्यांना धारेवर धरायचा त्यांचा इतक्या वर्षांचा सराव आहे, तो असा कामी येईल. तिसऱ्या दिवशी पायऱ्या न उतरता वरूनच त्या हाका मारतील, आणि तुमच्या लेकीला ते अजिबात आवडणार नाही. तरी हाक आली की निघा.